कोल्हापुरात पीएच.डी. करावी का? आधी ऋणनिर्देशाचं पान वाच

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तू गडहिंग्लजकडची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालीस, नेट या राष्ट्रीय परीक्षेत पीएच.डी. प्रवेशापुरती पात्र ठरलीस, जेआरएफ ही दरमहा मिळणारी छात्रवृत्ती थोडक्यात हुकली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेसाठी खटपट करावी की कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नाव नोंदवावं, हे ठरत नाही. ‘तिथं खरंच संशोधन होतं का, की नुसत्या पदव्या मिळतात?’ हा तुझा एक प्रश्न. ‘चार-पाच वर्षं राहायचं तर कसं राहायचं, कुणाच्या सोबतीनं?’ हा दुसरा. माझ्या थोरल्या मुलीपेक्षा तू लहान आहेस, म्हणून एकेरीच लिहितो.

मी याच विद्यापीठाचा. १९९० च्या दशकात इथं थिन फिल्मवर, म्हणजे काचेवर किंवा धातूवर बसवलेल्या पदार्थाच्या अतिपातळ थरावर पीएच.डी. केली, मग एका संलग्न महाविद्यालयात शिकवलं, तिथल्या संशोधन केंद्रात गाईड म्हणून काम केलं. आठ जणांचे प्रबंध माझ्याकडं पूर्ण झाले, दोघांचे अर्धवट राहिले. त्या दोघांबद्दलही सांगेन. इतक्या वर्षांत माझी एक खात्री झालीय. तुझे हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. इथं जे नाव घेण्यासारखं काम झालं, ते एका विद्यार्थ्यानं दुसऱ्याच्या हातात देत देत झालं. सोबत कशी आहे ते बघितलंस की संशोधन कसं आहे ते आपोआप कळेल.

शेतकऱ्यांच्या भागातलं हे विद्यापीठ. १८ नोव्हेंबर १९६२ ला स्थापन झालं, डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. आज कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे त्याच्याकडं आहेत. सोलापूर २००४ मध्ये वेगळं झालं. पण इथल्या शिक्षणाची चाल त्याआधीच ठरून गेली होती. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढं जातीजातींच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग लागली. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांनी राबून शिकायचं हा रिवाज घालून दिला. विद्यापीठातली ‘कमवा आणि शिका’ योजना ही त्याच रिवाजातली. अर्धा वेळ विद्यापीठातच काम, अर्धा वेळ शिक्षण, राहायची सोय. माझ्या बॅचमधला एक जण सकाळी बागेत काम करायचा आणि दुपारी एक्स-रे डिफ्रॅक्शनचे आलेख वाचायचा. आज तो सातारा जिल्ह्यात प्राचार्य आहे. शिक्षणाआधी राहायची, जेवायची सोय बघायची ही या मातीची सवय आहे, आणि प्रयोगशाळेतही तीच सवय मुरलीय.

आता थिन फिल्म. तुझा विषय हाच आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९८० आणि ९० च्या दशकांत पदार्थाचा पातळ थर बसवायचा तर सहसा निर्वात यंत्रणा लागायची. पंप, चेंबर, आयात केलेले सुटे भाग, चोवीस तास वीज. आपल्याकडच्या विभागांना हे परवडण्यातलं नव्हतं. मग इथल्या लोकांनी रासायनिक पद्धती धरल्या आणि त्यांत हात बसवला. केमिकल बाथ डिपॉझिशन म्हणजे काय? बीकर, थर्मामीटर, गरम पाण्याचा बाथ आणि काचपट्टी. कॅडमियमचं क्षार, त्यात अमोनिया, त्यात थायोयुरिया. सुरुवातीला द्रावण पाण्यासारखं नितळ असतं. सत्तर-ऐंशी अंशांवर हळूहळू पिवळसर होत जातं आणि काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर धरतो. पट्टी लवकर काढली तर थर अपुरा, उशिरा काढली तर वर भुकटी बसते आणि बोट फिरवलं की निघून येते. नेमकी कधी काढायची हे कुठल्याही पेपरात लिहिलेलं नसतं. द्रावणाचा रंग बघून सीनिअर सांगतो, ‘आता काढ’.

मला हे शिकवलं ते माझ्यापेक्षा तीन वर्षांनी पुढं असलेल्या एका मुलीनं. पहिला पूर्ण आठवडा तिनं मला फक्त काचा धुवायला लावल्या. साबण, क्रोमिक आम्ल, डिस्टिल्ड वॉटर, मग कडेनं धरून सुकवणं. धुतलेल्या काचेवरून पाणी अखंड पडद्यासारखं ओघळलं तर काच स्वच्छ. कुठं थेंब फुटला तर तिथं चिकट आहे, पुन्हा धू. पट्टीच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, हिऱ्याच्या पेन्सिलीनं नंबर कोरायचा, म्हणजे चार महिन्यांनी कुठली फिल्म कुठल्या दिवसाची याचा घोळ होत नाही. ती मला म्हणाली होती, ‘नंबर वहीत आधी, काचेवर नंतर.’ माझ्या आठही विद्यार्थ्यांना मी हे असंच शिकवलं, आणि त्यांच्यातले जे आज गाईड आहेत तेही असंच शिकवतात.

या कामाला बाहेर किंमत मिळाली ती कशी, ते बघ. इथले प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटातून २००० मध्ये ‘मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स’ या नियतकालिकात रासायनिक पद्धतीनं बनवलेल्या मेटल चाल्कोजेनाइड (धातूची गंधक, सेलेनियम यांच्याशी झालेली संयुगं) फिल्म्सचा मोठा आढावा आला. त्यावर पहिलं नाव होतं राजाराम माने यांचं. पुढं २००४ मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये सिलार पद्धतीचा आढावा आला. काचपट्टी आधी एका द्रावणात, मग पाण्यात, मग दुसऱ्या द्रावणात, मग पुन्हा पाण्यात बुडवायची आणि थरावर थर चढवत जायचा, अशी ही पद्धत. त्यावर पहिलं नाव हबीब पठाण यांचं. दोघंही त्या गटात घडलेले. पुढं माने नांदेडच्या विद्यापीठात आणि पठाण पुण्याच्या विद्यापीठात गेले आणि तिथं त्यांनी आपापले गट उभे केले. तापलेल्या काचेवर द्रावण फवारून फिल्म करायच्या पद्धतीवर इथल्याच प्रा. पी. एस. पाटील यांचा १९९९ चा आढावा असाच जगभर वाचला गेला. या पद्धतींवर नव्यानं काम सुरू करणारा माणूस ब्राझीलचा असो की इराणचा, हे लेख त्याच्या वाचनात येतातच. शिक्षकाच्या आधी विद्यार्थ्याचं नाव, हे तू लक्षात ठेव. पुढं तुला ते कामी येणार आहे.

मग कोरियाची वाट निघाली. २००० नंतर इथून पीएच.डी. झालेली मुलं पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, दक्षिण कोरियात जायला लागली. सोलमध्ये, ग्वांगजूत. एक गेला, तिथल्या प्राध्यापकाला त्याचा हात आवडला, त्यानं विचारलं, ‘तुझ्या लॅबमधलं आणखी कुणी आहे का?’ मग दुसरा गेला. आज कोल्हापूरच्या भौतिकशास्त्रवाल्यांचं कोरियात चांगलंच बस्तान आहे. माझा एक विद्यार्थी चंदगड तालुक्यातला. एसटीनं कोल्हापूरला येणं हाच त्याचा तोवरचा मोठा प्रवास होता. तो इंचॉनच्या विमानतळावर उतरला तेव्हा त्याला न्यायला इथलाच एक जुना सीनिअर उभा होता. पहिले पंधरा दिवस त्याच्याच खोलीवर राहिला. भात कुठला घ्यायचा, मोहरी कुठं मिळते, प्राध्यापकासमोर किती वाकायचं, हे सगळं त्यानं सांगितलं. ही साखळी कुठल्या करारानं झालेली नाही.

तू भौतिकशास्त्राची असलीस तरी वनस्पतिशास्त्राचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रा. एस. आर. यादव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर), कड्यांवर जे काम केलं ते या विद्यापीठाचं फार मोठं धन आहे. सेरोपेजिया नावाचा वनस्पतींचा एक वंश (जीनस) आहे, मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. फूल खरंच कंदिलासारखं. खाली फुगीर, वर नळी, नळीत खाली वळलेले केस. माशी वासानं आत शिरते, केसांमुळं तिला परत वर येता येत नाही. फूल कोमेजायला लागलं की केस मलूल होतात आणि परागकण घेतलेली माशी सुटते. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर सापडलेली एक जात २००६ मध्ये नवी म्हणून प्रसिद्ध झाली, सेरोपेजिया अंजनेरिका. शास्त्रीय नावाच्या मागं नाव देणाऱ्यांची नावं जोडतात. इथं ती आहेत मालपुरे, कांबळे आणि यादव. विद्यार्थी आणि शिक्षक, दोघांची नावं त्या फुलाला कायमची चिकटली.

हे काम कसं होतं तेही बघण्यासारखं आहे. पावसाळ्यात सडा फुललेला असतो तेव्हाच जावं लागतं, आणि तेव्हाच धुकं, जळवा, निसरडे कातळ. कासच्या पठारावर गर्दी करणाऱ्यांना फुलं दिसतात. या मुलांना परत आल्यावर नमुने वर्तमानपत्रात दाबून रोज कागद बदलावा लागतो, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते. वसतिगृहाच्या व्हरांड्यात वाळत घातलेले ‘पुढारी’ आणि ‘सकाळ’चे ओले कागद मी स्वतः बघितलेत. एकट्यानं होणारं हे काम नव्हे. दोरी धरायला एक, वही धरायला एक. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत आलं. तिथं नेमकं काय उगवतं हे सांगणाऱ्या याद्यांमागं अशीच ओली वर्तमानपत्रं आहेत.

इतिहासाबद्दल दोनच वाक्यं. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे, त्यांनी संपादित केलेली ताराबाईकालीन कागदपत्रं विद्यापीठानंच छापली. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानचे मोडी कागद आहेत, आणि मोडी वाचणारा विद्यार्थी त्याच्या आधीच्याकडूनच मोडी शिकतो. तिथंही गोष्ट तीच.

आता कमी काय आहे ते. हे लपवून तुला बोलावणं बरोबर होणार नाही.

पहिली अडचण रिकाम्या जागांची. महाराष्ट्रातल्या सगळ्याच सरकारी विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत. गाईड कमी म्हणजे विद्यार्थ्यांनाही जागा कमी. नियमानं प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून गाईडचं वय विचारायला लाजू नकोस.

दुसरी अडचण विषयांच्या गर्दीची, आणि ही मला जास्त बोचते. गेली पंधरा वर्षं सुपरकपॅसिटरची, म्हणजे वीज साठवून झटकन परत देणाऱ्या साधनाची, लाट आहे. पद्धत हातात, पदार्थ बदलायचा, आलेख काढायचा, पेपर पाठवायचा. त्यातलं काही काम फार चांगलं आहे. प्रा. लोखंडे यांच्याबरोबर मेटल ऑक्साइड फिल्म्सच्या सुपरकपॅसिटरवर २०११ चा आढावा लिहिणारे दीपक दुबल आज ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला त्याच क्षेत्रात नाव कमावून आहेत. पण सगळंच तसं नाही, आणि कुठं घसरतं ते तुला आधीच माहीत असावं.

धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, फॅरड या एककात दर ग्रॅममागं सांगतात. फिल्म पातळ असेल तर तिचं वजन ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. लॅबमधला काटा पुष्कळदा ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच दाखवतो. म्हणजे जे मोजायचं तेवढीच काट्याची चूक. एवढ्याशा आकड्यानं भागायचं आणि मग ‘दर ग्रॅमला दोन हजार फॅरड’ असं ठोकून लिहायचं! माझ्याच लॅबमध्ये हे झालं. एका विद्यार्थ्याचे आकडे फारच सुंदर यायला लागले, म्हणून मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. स्टीलची पट्टी तो आधी उघड्या बोटांनी धरून तोलायचा आणि फिल्म बसल्यावर हातमोज्यांनी. पंखा चालू. बोटाच्या चिकटीनं आणि वाऱ्याच्या झोतानं काटा हलत होता आणि हा शेवटचा आकडा वहीत उतरवत होता. आम्ही सहा महिन्यांचं काम पुन्हा केलं. जाड फिल्म, पाच वेळा तोलणं, सरासरी, आणि दर चौरस सेंटिमीटरचा आकडा बरोबरीनं. आकडा खूप खाली आला. पेपर लहान नियतकालिकात छापून आला. त्या मुलाला नंतर मुलाखतीत नेमकं याच वजनावर विचारलं गेलं आणि तो अर्धा तास बोलू शकला. निकेल आणि कोबाल्टच्या पदार्थांचं वागणं पुष्कळदा बॅटरीसारखं असतं, त्यांना फॅरडमध्ये मोजणं चूक, हेही २०१५ च्या सुमाराला त्या क्षेत्रातल्या जाणत्यांनी खडसावून सांगितलंय. तुझ्या होणाऱ्या लॅबमध्ये हे कुणाला माहीत आहे का, ते विचार.

तिसरी अडचण उपकरणांची होती, ती बरीच कमी झालीय. आमच्या वेळी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी नमुने डब्यात घालून बाहेरगावी न्यायचो आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचो. परदेशी पेपर हवा असेल तर लेखकाला छापील कार्ड पाठवायचो, ‘कृपया आपल्या लेखाची प्रत पाठवावी’. महिन्या-दोन महिन्यांनी पाकीट यायचं आणि ते सगळी लॅब मिळून वाचायची. आता विद्यापीठातच सैफ-सीएफसी हे उपकरणांचं सामाईक केंद्र आहे. नंबर लावावा लागतो, पण गाव सोडावं लागत नाही.

लोक तुला क्रमवारी दाखवतील. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकनं २०२१ मध्ये विद्यापीठाला ए प्लस प्लस श्रेणी दिली, गुण ३.५२. जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची जी यादी निघते तीत इथली नावं असतात. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तू विद्यापीठाशी लग्न लावणार नाहीस. तू एका खोलीत, दहा-बारा माणसांत चार-पाच वर्षं काढणार आहेस. त्या खोलीची श्रेणी कुणी काढत नाही, ती तुलाच काढायची आहे.

ती अशी काढ. शोधगंगावर जा. देशभरातले प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात. ज्या गाईडचा विचार आहे त्यांच्याकडचे शेवटचे पाच-सहा प्रबंध उघड आणि थेट ऋणनिर्देशाच्या पानावर जा. बहुतेक जण ते पान सोडून देतात. मी तेच आधी वाचतो. कुलगुरूंचे, प्राचार्यांचे आभार सगळेच मानतात, ते सोड. खाली ये. सीनिअरची नावं आहेत का? ज्युनिअरची आहेत का? ‘अमुकनं मला सिलार शिकवलं’, ‘तमुकनं रात्री बाथजवळ थांबून मदत केली’ असं काही नेमकं लिहिलंय का, की ‘सर्व मित्रांचे आभार’ म्हणून उरकलंय? एका प्रबंधातला ज्युनिअर तीन वर्षांनी स्वतःचा प्रबंध सादर करताना दिसला आणि त्याच्या पानावर नवी नावं आली, तर समज, लॅब जिवंत आहे. नावं मध्येच तुटली असतील तर काहीतरी बिनसलंय.

मग त्या गटाचे गेल्या तीन वर्षांतले पेपर काढ. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का? लेखकांच्या यादीत कामाशी संबंध नसलेली पंधरा-वीस नावं आहेत का? पेपर काढण्याची सक्ती २०२२ च्या यूजीसी नियमांत राहिलेली नाही. आधीच्या नियमांत किमान एक पेपर बंधनकारक होता. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, तीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळं नियतकालिक चांगलं की भुरटं हे आता आपणच ओळखायचं. ‘आठ दिवसांत छापून देतो, इतके रुपये भरा’ असं पत्र आलं की ते थेट गाईडला दाखव. गाईडच म्हणाले ‘भरून टाक’, तर तिथं नोंदणी करू नकोस.

नियमांचं आणि पैशाचं थोडक्यात सांगतो. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, मग पुनर्नोंदणीनं आणखी दोन. मुलींना याशिवाय दोन वर्षं जादा मिळू शकतात, आणि पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा. हे तुझ्या आईला मुद्दाम सांग, कारण ‘लग्नाचं कसं?’ हा प्रश्न तुझ्या घरात असणारच. कोर्सवर्कचे किमान बारा क्रेडिट. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढं सादरीकरण. पुष्कळ मुलं त्याला घाबरतात, पण सिनॉप्सिसच्या (प्रबंधाआधी द्यायच्या सारांशाच्या) वेळी तेच कामी येतं. नेटमधली तुझी श्रेणी पीएच.डी. प्रवेशाला एकच वर्ष चालते आणि त्यात नेटच्या गुणांना ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. वर्ष वाया घालवू नकोस. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढं सीनिअर झाल्यावर ४२,०००. पुन्हा एकदा जरूर बस. तुझ्या प्रवर्गाप्रमाणं बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. कुठलीही घे, हप्ता दरमहा पहिल्या तारखेला येईल असं धरू नकोस. सहा महिन्यांची शिल्लक गाठीला ठेवूनच ये.

माझे जे दोघं अर्धवट राहिले त्यातला एक इथंच अडला. हप्ते थकले, घरी वडील आजारी, आणि त्यानं एमआयडीसीत नोकरी धरली. चांगला मुलगा होता. आम्ही सगळ्यांनी मिळून तीन महिने त्याची मेस भरली, पण चौथ्या महिन्यात त्यालाच ते घ्यायला जड गेलं. मी त्याला थांबवू शकलो नाही याचं आजही वाईट वाटतं. दुसरा तासिका तत्त्वावर शिकवायचा आणि शनिवार-रविवारी लॅबला यायचा. तो आला की बाकीचे गेलेले असायचे. बाथ एकट्यानं लावायचा, बिघडला की कुणाला विचारणार? फोनवर मी सांगायचो, पण द्रावणाचा रंग फोनवर कसा दाखवणार! तीन वर्षांत त्याची फिल्म एकसारखी आली नाही. हुशारीत तो माझ्या आठांपैकी कुणापेक्षाही कमी नव्हता. म्हणून तुला माझं कळकळीचं सांगणं, पूर्णवेळ ये, आणि लॅबच्या जवळ राहा.

राहण्याचं म्हणशील तर वसतिगृह मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर राजारामपुरी, सायबर चौक, सागरमाळ या बाजूला चार मुली मिळून खोली घेतात. विद्यापीठाचं आवार ८५३ एकरांचं आहे, पलीकडं राजाराम तलाव. पहाटे फिरायला गेलीस तर मोर दिसतील. रात्री लॅबमधून परतताना मात्र एकटी निघू नकोस. आमच्याकडं पद्धत होती, शेवटी जो कुलूप लावेल त्यानं मुलींना दारापर्यंत सोडायचं, आणि नऊच्या पुढं बाथ लावायचाच नाही. रात्री नऊनंतर लावलेला बाथ झोपेच्या भरात बिघडतोच, हा माझा अनुभव आहे.

बाकी आयुष्य त्या खोलीतच उगवतं. कुणाचा पेपर स्वीकारला गेला की मिसळ त्याच्याकडून. कुणाचा नाकारला गेला की चहा बाकीच्यांकडून, आणि परीक्षकाचे शेरे मोठ्यानं वाचून त्यावर चर्चा. जानेवारीत कुणाच्या तरी गावी गुऱ्हाळ असतं, तिथं काकवी खायला जायचं. रोप लावणीला कोण आठ दिवस गावी जाणार आणि तोवर त्याचं स्टिरिंग (द्रावण ढवळणं) कोण बघणार, हे आधीच ठरतं. मेसमध्ये रविवारी रात्री सुट्टी, म्हणून ज्याच्या घरून डबा आलेला असेल त्याच्या भाकऱ्या सगळ्यांच्या. वायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांना स्टेशनवरून आणण्यापासून मागच्या बाकावर बसून धीर देण्यापर्यंत सगळी लॅब कामाला लागते. माझ्या वायवाला मला ज्या मुलीनं काचा धुवायला शिकवलं ती इस्लामपूरहून तान्हं मूल घेऊन आली होती. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न काचेच्या स्वच्छतेवर विचारला. मी तिच्याकडं बघितलं आणि उत्तर दिलं.

मोठ्या संस्थेत जावं की नाही, हेही विचारलं आहेस. तुला तिथं चांगल्या गटात जागा आणि पूर्ण फेलोशिप मिळत असेल तर जा, मी अडवणार नाही. तिथली उपकरणं आणि दारं आपल्यापेक्षा जास्त आहेत. पण नाव मोठं आणि गट विस्कटलेला, असं असेल तर कोल्हापूरची बांधलेली लॅब मी कधीही आधी निवडेन. माझ्या आठांतले दोघं मोठ्या ठिकाणी एकेक वर्ष काढून परत आले होते. तिथं त्यांना शिकवायला कुणाला वेळ नव्हता.

येण्याआधी एकदा बघून जा. गाईडची वेळ घे, त्यांना भेट, पण नंतर त्यांचा निरोप घेऊन लॅबमध्ये तासभर थांब. शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर जा, तेव्हा खोलीत कोण असतं आणि कोण नसतं ते दिसतं. वह्या कुठं ठेवल्यात बघ. जुन्या, पास होऊन गेलेल्या मुलांच्या वह्या कपाटात आहेत का बघ. आणि तिसऱ्या वर्षाला असलेल्या कुणालाही बाजूला घेऊन एवढंच विचार, ‘तुला काचा धुवायला कुणी शिकवलं?’ तो नाव सांगतो का ते बघ, आणि मला कळव.